शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा : अतिदक्षता विभागातील करुणा आणि नेतृत्व



अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरचा बाक तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. दारावर भेटीची वेळ लिहिलेली असते. आत जाताना चपला काढायच्या, हात धुवायचे, पाच-दहा मिनिटे आपल्या माणसाकडे बघायचे आणि परत बाकावर येऊन बसायचे. उरलेल्या वेळात आत काय चालते ते आपल्याला दिसत नाही. डॉक्टर राउंडला येतात, निर्णय घेतात, पुढच्या खाटेकडे जातात. खाटेजवळ थांबते ती सिस्टर. या पाठात आपण त्या थांबण्याचा अभ्यास करणार आहोत.

प्रश्न थोडा नेमका करून घेऊ. एखाद्या सिस्टरच्या मनात करुणा असते, हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी अनुभवलेले आहे. पण रोजच्या तीन पाळ्यांत माणसे बदलतात, कुणी थकलेले असते, कुणी नवे असते, एखाद्या रात्री दोन मृत्यू होतात. अशा ठिकाणी करुणा एका व्यक्तीच्या स्वभावावर सोडून चालत नाही. ती टिकावी अशी व्यवस्था कुणीतरी लावावी लागते. ती कोण लावते आणि कशी?

हा पाठ मी मुल्लानपूरला बसून लिहीत आहे. चंडीगडला लागून असलेल्या या भागाला आता नवे चंडीगड म्हणतात. २४ ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथे होमी भाभा कर्करोग रुग्णालय व संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले. ३०० खाटांचे हे रुग्णालय टाटा मेमोरियल सेंटरने ६६० कोटींहून अधिक खर्च करून उभारले. टाटा मेमोरियल म्हणजे १९४१ साली परळला सुरू झालेले, आपल्या मराठी घरांत नुसते ‘टाटा’ म्हटले तरी कळणारे रुग्णालय. कॅन्सर म्हटला की मुंबई गाठायची, हा उत्तरेतल्या कितीतरी कुटुंबांचा प्रवास त्यामुळे कमी झाला. मुल्लानपूरमध्ये परळचे हे नाव रोज दिसत असल्यामुळेच असेल, पण हा विषय हातात घेतल्यावर माझे मन परळलाच गेले. टाटाच्या अगदी शेजारी १९२६ साली सुरू झालेले केईएम आहे, आणि आपल्या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर तिथल्या परिचारिकांनी देऊन ठेवले आहे.

आधी दोन शब्द

या संकेतस्थळासाठी अनुवाद करताना इंग्रजीतल्या एकाच शब्दासाठी मराठीत चार-चार शब्द समोर उभे राहतात: दया, करुणा, कणव, अनुकंपा. दया बहुतेक वेळा वरून खाली येते; देणारा उभा असतो आणि घेणारा वाकलेला. अनुकंपा हा शब्द बिचारा सरकारी कागदांत अडकला. आपल्याकडे ‘अनुकंपा’ म्हटले की लोकांना वडिलांच्या जागी मिळणारी नोकरी आठवते. पण त्याचा मूळ अर्थ सुंदर आहे: दुसऱ्याच्या कंपाबरोबर आपणही कंप पावणे.

आणि शुश्रूषा. हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. नंतर त्याचा अर्थ सेवा असा झाला. आज दादरच्या एका रुग्णालयाचे नावच ‘शुश्रूषा’ आहे आणि तिथे जाणाऱ्या कुणाच्या मनात ऐकणे हा अर्थ येतही नसेल. मला मात्र वाटते की ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना आजाऱ्याजवळ बसण्याचे मर्म ठाऊक होते. अतिदक्षता विभागात हे अधिकच खरे ठरते, कारण तिथल्या रुग्णाच्या घशात नळी असते. त्याला बोलता येत नाही. त्याचे ऐकायचे तर भुवई, बोटे, श्वासाची लय आणि मॉनिटरवरची रेघ यांतून ऐकावे लागते.

वॉर्ड क्रमांक चार

अरुणा शानभाग ही उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची मुलगी. ती केईएममध्ये परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या तळघरात ती कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर क्रूर हल्ला केला. गळा आवळला गेल्यामुळे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली तेव्हा जिवंत होती, पण पूर्वीची अरुणा परत आली नाही. तेव्हा ती पंचविशीत होती. पुढची सगळी वर्षे ती केईएमच्या वॉर्ड क्रमांक चारला लागून असलेल्या छोट्या खोलीत होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. अखेरचे काही दिवस ती अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होती.

म्हणजे अतिदक्षता विभागात तिचा काळ थोडाच गेला. तरीही मी हेच उदाहरण घेते, कारण अतिदक्षता विभाग ज्या गोष्टी काही दिवस किंवा काही आठवडे मागतो, त्या तिथल्या परिचारिकांनी एका साध्या वॉर्डात एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ दिल्या.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ते १८ मे २०१५ हे १५,१४७ दिवस होतात. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर ४५,००० हून अधिक वेळा एका परिचारिकेने दुसरीच्या हाती तिला सोपवले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी असा शुश्रूषेतला जुना नियम आहे. तो धरला तर हा आकडा एक लाख ऐंशी हजारांच्या वर जातो. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, रुग्णालयाच्या नोंदवहीतला नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात एक गोष्ट आवर्जून नोंदवली: इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण, म्हणजे पाठीला पडणारी जखम, झाली नाही. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको. पंधरा दिवस दुर्लक्ष झाले की काय होते ते त्यांनी पाहिलेले असते.

आता विचार करा. १९७३ मध्ये तिच्याबरोबर ड्युटी करणाऱ्या मैत्रिणी पुढे सेवानिवृत्त झाल्या. नव्वदच्या दशकात नोकरीला लागलेल्या मुलींनी अरुणाला चालता-बोलताना कधी पाहिलेच नव्हते. मैत्रीच्या आठवणीवर एवढी वर्षे निघत नाहीत. मग हे चालू कसे राहिले?

केईएमच्या तत्कालीन अधिष्ठात्यांनी न्यायालयाला जे सांगितले त्यात याचे उत्तर सापडते. नर्सिंगच्या प्रत्येक नव्या तुकडीची अरुणाशी ओळख करून दिली जाई आणि ही आपल्यातलीच एक आहे, असे सांगितले जाई. इतकी साधी गोष्ट. पण ही ओळख कुणीतरी ठरवून, दर वर्षी, न चुकता करून देत होते. माझ्या मते नेतृत्व म्हणतात ते हेच. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदांची उतरंड असते. लोकांच्या तोंडी मात्र सिस्टर, इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन. यांतल्या कुणाचेही नाव अरुणाच्या गोष्टीत फारसे येत नाही. ड्युटीचा तक्ता लावताना त्या खोलीसाठी माणूस ठेवणे, नव्या मुलीला ‘तिला असे भरव, घाई करू नको’ असे शिकवणे, ही कामे कुठल्याही बातमीत येत नाहीत. तिला मासे आवडत, संगीत सुरू असले की ती शांत असे, हे बारकावे न्यायालयाच्या कागदांपर्यंत पोहोचले. ते कुणीतरी बघितले होते आणि पुढच्या पाळीला सांगितले होते म्हणूनच पोहोचले. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ इथे लागू पडतो.

करुणेसाठी भांडावेही लागते

सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शांत, हसतमुख, सोसणारी मूर्ती येते. केईएमच्या परिचारिका तशा नव्हत्या. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणाला नीट उपचार मिळावेत आणि आमच्या कामाच्या जागा सुरक्षित असाव्यात, अशा दोन्ही मागण्या त्यांनी एकत्र केल्या. पुढे १९८० च्या दशकात खाट मोकळी व्हावी म्हणून महापालिकेने तिला केईएमबाहेर हलवण्याचा दोनदा प्रयत्न केला. परिचारिका पुन्हा उभ्या राहिल्या आणि महापालिकेला बेत सोडावा लागला.

महापालिकेची बाजूही समजून घ्या. परळच्या रुग्णालयात एक खाट म्हणजे काय, हे तिथे जमिनीवर गादी टाकून झोपलेल्या रुग्णाला विचारावे. वर्षाला किती रुग्ण त्या खाटेवर बरे होऊन गेले असते, असा प्रश्न कुणी विचारला तर तो निर्दय म्हणता येणार नाही. पण ज्या संस्थेच्या तळघरात आपल्याच कर्मचारी मुलीवर हा प्रसंग आला, त्या संस्थेने तिला ‘खाट अडवणारी’ ठरवले असते तर उरलेल्या परिचारिकांना काय संदेश गेला असता? उद्या आपल्यावर वेळ आली तर आपणही एक आकडाच. ज्या परिचारिकेला असे वाटते ती रुग्णाकडेही आकडा म्हणूनच बघू लागते. म्हणून त्या भांडणात मला परिचारिकांची बाजू बरोबर वाटते.

इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. आपण परिचारिकांना देवदूत म्हणतो, १२ मे या परिचारिका दिनी फुले देतो. पण अरुणावर हल्ला झाला तो कपडे बदलताना, एका निर्जन तळघरात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीतल्या तरुण डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा पन्नास वर्षांनंतरही तोच प्रश्न देशासमोर होता: रात्री काम करणाऱ्या बाईला विश्रांतीला सुरक्षित खोली आहे का? करुणामय नेतृत्वाचे पहिले काम ध्यान-प्रार्थनेची खोली उघडणे हे नाही. कडी लागणारी खोली, उजेड असलेला जिना आणि पहाटे घरी पोहोचवणारी गाडी, हे पहिले काम आहे. ज्यांना आपण देवदूत म्हणतो त्यांच्यासाठी या गोष्टी मागताना आपला आवाज बारीक होऊ नये.

दोन करुणा समोरासमोर

२००९ साली लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अरुणाला अशा अवस्थेत जिवंत ठेवणे थांबवावे, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने तपासणीसाठी तीन डॉक्टरांची समिती नेमली. त्यांपैकी एक, डॉ. जे. व्ही. दिवाटिया, हे टाटा मेमोरियलमध्ये भूलशास्त्र आणि अतिदक्षता विभागाचे प्रमुख होते. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. याचिका फेटाळली गेली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क तिला रोज भरवणाऱ्या, पुसणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच वेळी, विशिष्ट परिस्थितीत आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील, हा दरवाजाही याच निकालाने उघडला. पुढे ९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपल्या उपचारांबद्दल आगाऊ इच्छा लिहून ठेवण्याची सोय झाली. जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत आणखी सोपी करण्यात आली; आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती सही करता येते.

या वादात एक बाजू दयाळू आणि दुसरी निर्दय, असे तुम्ही वाचले तर घाई होईल. विराणी यांनी अरुणाचे दुःख वर्षानुवर्षे जवळून अभ्यासले होते, तिच्यावर १९९८ साली पुस्तक लिहिले होते. तिची सुटका व्हावी असे त्यांना करुणेपोटीच वाटत होते. परिचारिकांनाही तिला जपायचे होते ते करुणेपोटीच. तिची सेवा केलेल्या एका परिचारिकेने तर पगार न घेता तिची काळजी घेण्याची तयारी दाखवली होती. माझे स्वतःचे मत अजून पूर्ण ठरलेले नाही. एवढे मात्र मला कळते: अरुणाला काय हवे होते, ते ऐकण्याचा मार्ग कुणाकडेच उरला नव्हता. म्हणून २०१८ नंतर आलेली आगाऊ इच्छापत्राची सोय मला महत्त्वाची वाटते. आपल्या घरात हा विषय अशुभ मानून टाळला जातो. मग एके दिवशी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तीन भावंडे तीन दिशांना तोंडे करून बसतात आणि आतल्या सिस्टरला तिघांचीही नजर सोसावी लागते.

उपचार थांबवण्याचा निर्णय झाला की डॉक्टरांचे बरेचसे काम संपते. परिचारिकेचे संपत नाही. ओठ ओले करणे, वेदना होत असतील तर लक्ष ठेवून औषध मागणे, नळ्या काढल्यावर चेहरा पुसून मगच घरच्यांना आत बोलावणे, हे सगळे तेव्हाच सुरू होते.

यंत्राच्या आधी हात होते

अतिदक्षता विभाग म्हणजे यंत्रांचा विभाग, असा आपला समज असतो. त्याचा जन्म मात्र हातांतून झाला आहे. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी झालेली मुले एकामागून एक दगावत होती. त्या ऑगस्टमध्ये बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद घेऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. पण इतकी यंत्रे होती कुठे? मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावले. एकूण सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, खाटेशेजारी बसून पिशव्या दाबल्या. अशा रुग्णांत दहापैकी आठांहून अधिक दगावत होते. ते प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला, आणि तीच आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात मानली जाते.

त्या विद्यार्थ्यांचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. माझ्याच वयाची मुले. समोरचा रुग्ण बोलू शकत नाही, पण शुद्धीवर आहे आणि तुमच्याकडे बघतो आहे. तुमचा हात थांबला तर त्याचा श्वास थांबेल. इतके लक्ष आपण कधी कुणाकडे दिले आहे?

आज पिशवीची जागा व्हेंटिलेटरने घेतली आणि ते चांगलेच झाले. पण यंत्र आल्यावर नजर रुग्णाकडून पडद्याकडे वळते. ती परत वळवणे हे इन्चार्ज सिस्टरचे काम. ती हे करते कशी? बहुतेक वेळा अगदी छोट्या सवयींनी. हँडओव्हरच्या वेळी ‘सात नंबर, व्हेंटिलेटरवर, युरिन कमी’ असे म्हणण्याऐवजी आधी नाव घ्यायचे, हा नियम ती घालून देते. आपल्याकडे काका, मावशी, आजी म्हणण्याची पद्धत आहे. इथे पंजाबात वॉर्डात ‘बेबे’, ‘बापूजी’ ऐकू येते. नात्याच्या एका हाकेने खाटेवरचा क्रमांक पुन्हा माणूस होतो. रुग्ण गुंगीत असला तरी कूस बदलण्याआधी ‘आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते’ असे सांगायचे. नळीतून कफ ओढण्याआधी सांगायचे. गुंगीतल्या माणसाला ऐकू येते की नाही, हा वाद ती घालत बसत नाही. ऐकू येत असेल असे धरून चालते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात गोंगाटावर एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे. रुग्णाला ऐकू जाईल न जाईल अशा कुजबुजीवर त्यांचा विशेष राग होता, कारण रुग्ण कान टवकारून आपल्याबद्दलच बोलत आहेत का ते ऐकत राहतो. अतिदक्षता विभागात अलार्मचा आवाज तर चोवीस तास असतो. दिवस-रात्रीचे भान सुटून रुग्ण भ्रमात जातो, नळ्या ओढतो, आपल्याच मुलाला ओळखत नाही. घरच्यांना वाटते, डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टर त्याला ‘डिलिरियम’ म्हणतात. त्यावर औषधांपेक्षा रात्री दिवे मंद करणे, सकाळी पडदा उघडणे, आज कोणता वार ते सांगणे, चश्मा आणि कानाचे यंत्र परत देणे, घरचा ओळखीचा आवाज ऐकवणे यांचा आधार जास्त असतो. ही कामे कोणत्याही बिलात वेगळी दिसत नाहीत. रुग्णालयाच्या बिलात औषधांच्या शंभर ओळी असतात आणि ‘नर्सिंग चार्जेस’ची एक. हिशेब शिकणाऱ्या माणसाला त्या एका ओळीकडे बघून अवघडल्यासारखे होते.

स्कँडिनेव्हियातल्या परिचारिकांनी आणखी एक सुंदर प्रथा सुरू केली. गुंगीतल्या रुग्णासाठी त्या रोजनिशी लिहितात: आज बाहेर बर्फ पडला, तुमची मुलगी येऊन गेली, तुम्ही पहिल्यांदा डोळे उघडले. बरा होऊन गेलेल्या माणसाच्या आठवणींत जो मोठा काळा खड्डा असतो, तो या पानांनी भरतो. सहा युरोपीय देशांतल्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. अशी रोजनिशी मिळालेल्यांमध्ये आघातानंतरचा मानसिक त्रास कमी आढळला. आपल्याकडे एका परिचारिकेकडे नको तितके रुग्ण असतात, त्यामुळे तिने रोजनिशीही लिहावी असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण एक साधी वही घेऊन घरच्यांनी ती लिहायला कोणाची हरकत असणार आहे?

इन्चार्जला कोण सांभाळणार?

ब्रिटनमधले प्राध्यापक मायकेल वेस्ट यांनी आरोग्यसेवेतल्या करुणामय नेतृत्वावर बरेच काम केले आहे. त्यांच्या मांडणीत चार क्रिया येतात: लक्ष देणे, समजून घेणे, त्याच्या जागी जाऊन जाणवून घेणे, आणि मग मदत करणे. क्रम लक्षात घ्या. आपण बहुतेक वेळा चौथ्यापासून सुरुवात करतो. कुणी रडले की लगेच ‘काही होत नाही, धीर धरा’. नेता म्हणून तर हे फारच सोपे असते. रात्रपाळीनंतर एखादी मुलगी गप्प बसली असेल तर इन्चार्ज तिला लगेच सल्ला देऊ शकते, रजा देऊ शकते, ओरडूही शकते. पण ‘काल तू ज्यांच्याजवळ होतीस ते गेले ना?’ एवढे विचारून थांबणे अवघड असते.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने एक पद्धत सुरू केली. रुग्णाचा मृत्यू झाला की प्रयत्न करणारे सगळे डॉक्टर, परिचारिका, सहायक खाटेभोवती क्षणभर शांत उभे राहतात. कुठलीही प्रार्थना मोठ्याने म्हणायची नाही. ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे, किंवा श्रद्धेशिवाय, एक मिनिट. हा माणूस कुणाचा तरी होता आणि आपण आपल्या परीने झटलो, एवढेच मनात आणायचे. मग पुढच्या खाटेकडे जायचे. ही पद्धत पुढे अनेक ठिकाणी पोहोचली. आपल्यापैकी जे रोज मौनाला बसतात त्यांना एका मिनिटाची ताकद वेगळी सांगायला नको. पण घरातल्या शांत कोपऱ्यातले मौन आणि अलार्म वाजत असताना, पुढचा रुग्ण दारात असताना पाळलेले मौन यांत फरक आहे. दुसऱ्यासाठी कुणीतरी उभे राहून ‘थांबा’ म्हणावे लागते. तो ‘थांबा’ म्हणणारा माणूस पदाने मोठाच असला पाहिजे असे नाही. बार्टेल्स स्वतः परिचारकच होते.

कोविडच्या दिवसांत हे सगळे किती कठीण झाले ते आपण पाहिले. पीपीई किटच्या आत चेहरा दिसत नव्हता, म्हणून अनेकांनी छातीवर मार्करने आपले नाव लिहिले. मरणाऱ्या माणसाच्या कानाला फोन लावून धरणाऱ्या हातांत हातमोजे होते. त्या काळात काम केलेली एखादी सिस्टर तुमच्या नात्यात किंवा सत्संगात असेल. तिला त्याबद्दल कधी विचारले आहे का? शौर्याच्या गोष्टी ऐकायला नाही. नुसते विचारायला.

आपल्या हातातले

तुमचे माणूस अतिदक्षता विभागात असेल तेव्हा पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरला भेटा आणि रुग्णाबद्दल चार गोष्टी कागदावर लिहून द्या: घरी काय हाक मारतात, कोणत्या कानाने कमी ऐकू येते, चश्मा लागतो का, कोणते गाणे किंवा कोणाचा आवाज आवडतो. कुटुंबातून एकाच व्यक्तीने चौकशी करावी आणि तिने बाकीच्यांना सांगावे. दहा नातेवाइकांनी दहा वेळा विचारले की ती मिनिटे कुणाच्या तरी कुशीतून, कुणाच्या तरी औषधातून वजा होतात. आत गेल्यावर रडू आले तर येऊ द्या, पण रुग्णाच्या डोक्याशी उभे राहून त्याच्या प्रकृतीची चर्चा करू नका.

आपल्या गटातले सेवेकरी रुग्णालयात जातात तेव्हा त्यांनी आधी विचारावे की काय हवे आहे. अनेकदा आपण प्रवचन घेऊन जातो आणि बाहेर बसलेल्या बाईला हवा असतो मोबाइलचा चार्जर, किंवा अर्धा तास तिच्या पिशवीजवळ कुणी बसावे एवढेच, म्हणजे तिला अंघोळ करून येता येईल. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे, तिथे परळच्या कर्करोग रुग्णांची राहायची सोय होते. हा विचार तिथे पूर्वीच झालेला आहे: आजाऱ्याबरोबर आलेल्याला आधी छप्पर, मग बाकीचे.

आणि रुग्ण बरा होऊन घरी आल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, चालता येऊ लागले की त्याला घेऊन त्या विभागात एकदा जाऊन या. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांना रुग्ण दिसतो तो आडवा. बरा होऊ लागला की तो दुसऱ्या वॉर्डात जातो, तिथून घरी; स्वतःच्या पायांवर उभा असलेला तो त्यांना क्वचितच दिसतो. आधी फोन करून विचारा. संध्याकाळी पाळी बदलण्याच्या सुमारास गेलात तर दोन्ही पाळ्यांची माणसे भेटतात. मात्र हँडओव्हर चालू असेल तर ते संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर थांबा.